न चाखता ओळखायचं

१४ सप्टेंबर, शनिवार

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी एकोणीस वर्षं नोंदवही भरली. रोज सकाळी सहाला रसाचं तापमान, घनता, आम्लता. कारखाना बंद पडून तीन वर्षं झाली, पण हात अजून वही मागतो. शिवाय डोक्यात जे चाललं आहे ते गावात कुणापाशी बोलायची सोय नाही. सकाळी बोललेलं दुपारी चर्चच्या पायऱ्यांवर ऐकू येतं. म्हणून वहीलाच सांगतो.

काल बिल्यानाचा फोन आला. माझी बायको चार वर्षं जर्मनीत आहे, उल्मला एका वृद्धाश्रमात नर्स. म्हणाली, "संत निकोलाच्या सणाला येतेय. परतताना दुन्याला घेऊन जाईन. फेब्रुवारीपासून तिकडच्या शाळेत."

विचारलं नाही, सांगितलं. मी म्हणालो, "इथं तिला काय कमी आहे?"

"वर्गात सहा पोरं आहेत रादे. आणि घरी तू आहेस, दिवसभर खिडकीत बसलेला."

खिडकीत मी दिवसभर बसत नाही. 

दुन्या आठ वर्षांची आहे. ती गेली तर या घरात मी आणि सासूबाई, दोघंच. घर सासूबाईंचं, आणि कुळदैवतासारखा ज्याचा सण घरोघरी करतात तो संतही त्यांच्याच घराण्याचा. मी घरजावई. दुन्या आहे म्हणून या घरात मला 'बाबा' अशी हाक तरी ऐकू येते. सणापर्यंत, म्हणजे १९ डिसेंबरपर्यंत, चौदा आठवडे आहेत. तोवर बिल्यानाला दिसलं पाहिजे की पोरीचं इथं काहीतरी चाललं आहे, आणि ते माझ्यामुळे चाललं आहे.

एक कल्पना आहे. दर शनिवारी अंगणातल्या बाहेरच्या स्वयंपाकघरात गावातल्या पोरांना घरच्या घरी होणारे प्रयोग दाखवायचे. व्हिनेगर, सोडा, अंडी, दूध. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "बाप्या माणसानं चुलीपाशी उभं राहून व्हिनेगर ओतायचं? हे बघायला लागू नये म्हणूनच माझ्या नवऱ्याला, मिलुतीनला देवानं लवकर नेलं."

तरी नाही म्हणाल्या नाहीत.

२१ सप्टेंबर, शनिवार

पहिल्याच घासाला खडा.

सहाच्या सहा पोरं आली. बाटलीत व्हिनेगर, फुग्यात खाण्याचा सोडा, फुगा बाटलीच्या तोंडाला. सोडा खाली पडला की फुगा टम्म फुगायला हवा. मी दहापासून उलटे आकडे मोजले, पोरांनीही मोजले. फुगा तसाच लोंबकळत राहिला. ओग्न्येन म्हणाला, "काका, तुमचा फुगा झोपलाय." सगळी खिदळली.

मी बरणीतली पूड जिभेवर ठेवली. पिठीसाखर! सोड्याच्या बरणीत पिठीसाखर.

"चाखायचं नाही असं तूच सांगतोस ना, बाबा?" दुन्या म्हणाली. पोरांसमोर.

पोरं गेल्यावर मी विचारलं, "बरणी कुणी भरली?" सासूबाई शेंगा सोलत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. दुन्यानं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "मी भरली."

मी तिला समजावलं. रागावलो नाही, पण आवाज चढला असेल. प्रयोगशाळेत चुकीच्या बाटलीत चुकीचा पदार्थ म्हणजे गुन्हा असतो, हे मी तिला सांगितलं. तिनं मान डोलावली. माझी पोरगी इतकी वेंधळी आहे हे मला माहीत नव्हतं.

२८ सप्टेंबर, शनिवार

फुगला! ओग्न्येननं तीन वेळा करायला लावला. फोटो बिल्यानाला पाठवला. चार तासांनी उत्तर म्हणून नुसता अंगठा आला.

अंगठ्याचा अर्थ काय घ्यायचा? कौतुक, की 'बघितलं, पुरे'? दोनदा लिहायला घेतलं, दोनदा पुसलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

बुधवारी एक अंडं व्हिनेगरमध्ये ठेवलं होतं. तीन दिवसांत कवच विरघळून अंडं रबरासारखं व्हायला हवं. आज पोरांसमोर काढलं, टक्क आवाज आला. कवच जसंच्या तसं. हुंगलं तर राकियाचा वास. अंडं तीन दिवस आलुबुखाराच्या दारूत आरामात पडलं होतं.

दारू इथं, मग व्हिनेगर कुठं? ते दुपारी कळलं. शेजारचा तिहोमीर सरपण द्यायला आला, सासूबाईंनी रिवाजाप्रमाणे त्याच्यापुढे ग्लास ठेवला, त्यानं ग्लास उंचावून सगळ्यांच्या आरोग्याला "जिव्हेली" म्हणत एका घोटात पोटात टाकला. मग दाराची चौकट धरून उभा राहिला. बोलता येईना.

"यंदाची कडक झालीय ग, स्तामेंका," शेवटी म्हणाला.

आम्ही इतके हसलो की सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग एकदम थांबून मला म्हणाल्या, "बाटल्या तूच भरल्यास ना, प्रोफेसर?"

मी भरल्या होत्या का? मला आठवत नाही. दुन्या पटकन म्हणाली, "मी अदलाबदल केली. चुकून."

आता मात्र मनात पाल चुकचुकली. दोनदा होणारी चूक चूक नसते. शनिवार फसावा असं हिला वाटतंय का? आईकडे जायचंय आणि मला तोंडावर सांगवत नाही, म्हणून? एवढ्याशा पोरीबद्दल असं मनात आणतो म्हणून मला लाजही वाटते. पण विचार जात नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

दुन्यानं न्याहारीला विचारलं, "बाबा, न चाखता, न हुंगता कळतं का, बरणीत काय आहे ते?"

मी सुरीवरचा मुरंबा पावाऐवजी टेबलावर लावला. आठ वर्षांची पोरगी आपण होऊन असा प्रश्न विचारते! मी म्हणालो, सगळ्याचं नाही कळत, पण आंबट की खारं की साबणाच्या जातीचं, हे कळतं. लाल कोबी उकळायचा, जांभळं पाणी येतं. आंबटात गुलाबी होतं, सोड्यात निळं.

"आणि साखरेत? मिठात?"

"काही नाही होत. जांभळंच राहतं."

"म्हणजे निळं झालं तरच सोडा."

"बरोबर."

"मग शनिवारपर्यंत नको थांबायला. आजच करू या."

मी बाजारातून दोन गड्डे आणले. मनातला संशय आज जरा कमी आहे. ज्याला जायचंय ते पोर असं कशाला विचारील?

२६ ऑक्टोबर, शनिवार

आतापर्यंतचा सर्वांत चांगला दिवस. बारा काचेचे पेले. व्हिनेगर गुलाबी, लिंबू गुलाबी, सोडा निळा, राखेचं पाणी हिरवं. पोरांनी घरून चोरून आणलेलं सगळं ओतून पाहिलं, ओग्न्येननं बापाचा दाढीचा फेससुद्धा.

आणि सासूबाईंनी सगळ्यांवर कडी केली. दारात उभ्या होत्या, म्हणाल्या, "यात काय विद्या? खारवलेल्या कोबीच्या पिंपात आम्ही नेहमी एक लाल गड्डा टाकतो, रस गुलाबी होतो. मग पिंप सोड्यानं धुतलं की धुवण निळं. माझ्या आईलाही माहीत होतं." पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या लाजल्या. थोड्या वेळानं पुन्हा आल्या आणि पिंपाची गोष्ट पुन्हा सांगितली, जाताना तिसऱ्यांदा, तितक्याच उत्साहानं. इतक्या माणसांत बोलायला मिळालं म्हणून असेल. शनिवारचा त्यांनाही फायदा होतोय.

दुन्यानं उरलेलं जांभळं पाणी बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवलं.

३ नोव्हेंबर, रविवार

बिल्यानाशी बोलणं झालं. तिला आईला बघायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, "चुलीवर दूध आहे," आणि बाहेर गेल्या. चुलीवर दूध नव्हतं. गेल्या रविवारी कोंबड्या होत्या, त्याआधी गुडघा. दुन्यानं फोन छताकडे धरला आणि आईला शाळेबद्दल भरभर सांगू लागली.

फोन ठेवल्यावर बिल्यानाचा मेसेज: "आई बरी आहे ना?" मी लिहिलं: "तुझ्या-माझ्यापेक्षा ठणठणीत."

स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्यांवर दुन्यानं चित्रं चिकटवली आहेत. पिठावर पाव, साखरेवर मधमाशी, मिठावर रडणारी गाय (का, ते तिलाच ठाऊक). मी म्हटलं, "तुला वाचता येतं, मग चित्रं कशाला? घर बालवाडी वाटतंय." म्हणाली, "आजीचा चष्मा जुना झालाय."

हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

नेलं. डॉक्टर म्हणाले चष्मा उत्तम आहे, अजून पाच वर्षं चालेल. येताना बसमध्ये सासूबाई म्हणाल्या, "फुकटची फेरी. आपण कुठं जातोय?" मी म्हणालो, "घरी." त्या म्हणाल्या, "ते मला कळतं, जावईबापू, बस कुठल्या रस्त्यानं चाललीय ते विचारतेय." माझ्या उत्तरांना त्या नेहमी असंच फटकारतात.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

या महिन्यापासून शीतगृहात सोमवार-मंगळवार अशी दोन दिवसांची पाळी मिळाली आहे. गोठलेल्या रासबेऱ्या निवडायच्या. बोटं बधिर होतात, पण बिल्यानाला सांगायला बरं, की काम करतो.

आज शाळेतल्या बाईंनी रस्त्यात थांबवलं. दुन्या या महिन्यात चार दिवस शाळेत नव्हती. मला दोनच माहीत होते. पोट दुखतं म्हणते. चारही दिवस सोमवार किंवा मंगळवार.

घरी आलो तर ओट्यावर पाय सोडून बसली होती, पोट बिलकूल दुखत नसलेली, आजीला बटाटे सोलून देत. "खोटं का बोललीस?" विचारलं. तिनं पुढचा बटाटा उचलला. सासूबाई मध्ये पडल्या, "पोरीला ओरडू नकोस. मला सोबत झाली."

मी नसताना शाळा बुडवते. आता शंकाच उरली नाही, तिचं मन इथून उठलं आहे. अंग इथं आहे, जीव उल्मला. 

५ डिसेंबर, गुरुवार

गेल्या शुक्रवारी डुक्कर कापलं, आज साबण. अंगणात कढई, चरबीचे उरलेसुरले तुकडे, कॉस्टिक सोडा. ढवळायचं काम तिहोमीरचं आणि सोडा ओतायचं माझं, कारण या गावात रबरी हातमोजे फक्त माझ्याकडे आहेत. पोरांना कुंपणाच्या पलीकडे उभं केलं. एका पेल्यात कोबीच्या पाण्यात मी स्वतः एक थेंब टाकून दाखवला. क्षणभर हिरवं, आणि लगेच पिवळं.

"हा रंग दिसला," मी म्हणालो, "की हात मागे आणि मोठ्या माणसाला हाक. हे पोटात गेलं तर घसा, आतडी, सगळं जाळतं. खाण्याच्या सोड्याची आणि याची शिवाशिव होता कामा नये."

दुन्यानं विचारलं, "दिसायला सारखाच दिसतो ना?"

"जवळजवळ."

ती पेल्याकडे बराच वेळ बघत राहिली.

साबण चांगला जमला. दमलो आहे. उरलेली पिशवी बाहेरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, उद्या माळ्यावर टाकायची.

१० डिसेंबर, मंगळवार

थंडीनं शनिवार रद्द झाला, ओग्न्येनला ताप. माळ्यावर टाकायची पिशवी खिडकीत नव्हती. सासूबाई सणाची साफसफाई करताहेत, त्यांनीच उचलून ठेवली असणार. विचारलं तर म्हणाल्या, "कसली पिशवी?" त्यांना घाई होती.

नऊ दिवस. बिल्यानाला काय दाखवायचं याची यादी केली. फुगा. कोबीचे पेले. शाळेतल्या बाईंना गैरहजेरीबद्दल बोलू नका अशी विनंती करावी का? हे म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं. तरीही करीन म्हणतो.

१७ डिसेंबर, मंगळवार

बिल्याना आली. केस आखूड केले आहेत, छान दिसतात. दुन्या आईला बिलगली ती सुटेना. मी बॅगा उचलून आत नेल्या आणि पुन्हा बाहेर आणल्या, कारण काय करावं ते कळेना.

जेवताना सासूबाई फार कमी बोलल्या, नव्या झग्यात, केस विंचरून. बिल्यानानं काही विचारलं की एखादी म्हण टाकायच्या. बिल्याना त्यांच्याकडे बघत राहिली होती. एकदा तिनं सहज विचारावं तसं विचारलं, "आई, आज वार कोणता?" सासूबाई म्हणाल्या, "ज्याला काम असतं त्याला वार लागत नाही." मी हसलो. बिल्याना हसली नाही. प्रवासानं थकली असेल.

१८ डिसेंबर, बुधवार

 क्रमानं लिहितो.

सकाळी बिल्यानानं मधाची बिस्किटं करायला घेतली. उद्या उपासाचा सण, अंडं-दूध नाही, नुसतं पीठ, मध, तेल. चाळीस पाहुणे आणि त्यांची पोरं. तिनं हात पिठात असतानाच म्हटलं, "आई, सोडा दे ग." सासूबाईंनी फळीवरून कॉफीची एक जुनी बरणी काढून दिली. तिच्यावर चित्र नव्हतं.

"थांब," दुन्या म्हणाली. "आधी बघू दे."

"काय बघायचंय? मला दोनशे बिस्किटं करायची आहेत."

इथं मी मध्ये तोंड घातलं. पोरीची चौकसबुद्धी बायकोला दाखवायची हीच वेळ असं मला वाटलं. "करू दे तिला. बघ तर खरी काय शिकलीय. आता निळं होईल, बघ."

दुन्यानं फ्रीजमधून बाटली आणली, पेल्यात जांभळं पाणी ओतलं, चमच्याच्या टोकावर चिमूटभर पूड घेऊन टाकली. हिरवं. मग पिवळं. लिंबासारखं पिवळं.

आणि मी, एकोणीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेला माणूस, काय म्हणालो? "कोबी शिळा असेल."

"बाबा," दुन्या म्हणाली, "हा साबणाचा आहे."

मग मला ते दिसलं. चाळीस माणसं, पोरं, ओग्न्येन. मी बरणी घेतली, झाकण लावलं, आणि ती खाली ठेवायचा धीरच होईना. बिल्याना पांढरीफटक पडली होती. हळू आवाजात म्हणाली, "हे या बरणीत कुणी भरलं?"

"मी," दुन्या म्हणाली.

तेव्हा तिनं आधी आजीकडे बघितलं होतं. आजीकडे, मग आईकडे, मग 'मी'. सप्टेंबरात पिठीसाखरेच्या वेळी असंच. माझ्याच वहीत तसं लिहिलेलं आहे, माझ्याच हातानं. पिठीसाखर, राकिया, चित्रं, सोमवारची पोटदुखी. मी कामावर गेलो की पोरगी शाळा बुडवून आजीवर लक्ष ठेवत होती. आठ वर्षांची पोरगी रोज सकाळी बरण्या तपासत होती, आणि मी तिला वेंधळी म्हणत होतो, आणि त्याहून वाईट काय काय.

"ती नाही," मी म्हणालो. "पिशवी मी खिडकीत सोडली. नाहीशी झाली तरी शोधली नाही. मी."

"पण बरणीत कुणी भरली?" बिल्यानानं पुन्हा विचारलं. आता ती फक्त आईकडे बघत होती.

सासूबाई स्टुलावर बसल्या. एप्रनला हात पुसत राहिल्या, हात कोरडेच होते. "मी भरली असेन," म्हणाल्या. "पिशवी फाटकी होती, बरणी रिकामी होती. भरली असेन. मला नाही आठवत ग, बिल्याना. मला पुष्कळ नाही आठवत. मी पोरीला विचारते, तिला सगळं आठवतं."

दुन्या रडायला लागली. मी तिला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. "आजी म्हणाली कुणाला सांगायचं नाही. बाबा आईला सांगेल, आणि आई तिला त्या घरात नेऊन ठेवील, जिथं आई कामाला जाते. मी सगळं बघत होते. फक्त ही बरणी नवी होती. ही मला दिसलीच नव्हती."

बिल्याना पिठाच्या हातांनीच आईपाशी खाली बसली. मी बरणी घेऊन अंगणात उभा होतो. केवढा मूर्ख आहे मी.

१९ डिसेंबर, गुरुवार

सण झाला. पाद्री आले, मेणबत्ती लावली, पाव फिरवून मोडला, मासे, राजमा, गाणी. बिस्किटं दुकानातल्या नव्या सोड्याची. तिहोमीरनं नऊ खाल्ली. कुणाला काही कळलं नाही.

पाहुण्यांची भांडी विसळताना बिल्याना म्हणाली, "मला परवाच्या जेवणातच कळलं होतं. तिकडे मी अशा सतरा जणांना रोज आंघोळ घालते. आणि माझ्या आईचं मला फोनवर चार वर्षं..." तिनं पुढची थाळी विसळायला घेतली. मग म्हणाली, "दुन्या यायला तयार नाही. आजीला सोडणार नाही म्हणते. मी ओढून नेणार नाही तिला. राहू दे. तुला हवं होतं तसं झालं."

चौदा आठवडे मला हेच वाक्य ऐकायचं होतं. याच्यासाठी फुगे फुगवले, अंडी भिजवली, बाईंना गप्प राहायला सांगितलं. हातातली थाळी मी तीनदा पुसली.

"घेऊन जा तिला," मी म्हणालो.

"काय?"

"घेऊन जा. आठ वर्षांची आहे ती, बिल्या. ती इथं पहारा देते. राहिली तर आणखी चार वर्षं देईल, आणि हसत देईल. आईंपाशी मी राहतो."

"तू? तुला आई घरजावई म्हणून बोलते दिवसातून दहादा."

"आता त्या विसरतील तेही," मी म्हणालो. विनोद म्हणून म्हणालो. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. चार वर्षांत पहिल्यांदा.

११ जानेवारी, शनिवार

सकाळी साडेनऊची बस. दुन्या तीन आठवडे माझ्याशी नीट बोलत नव्हती, तुम्ही मला हाकलताय असं तिचं म्हणणं. थांब्यावर मात्र बोलायची थांबेना. "गॅस आधी बंद करायचा, मग विचारायचं. आजीला हसायचं नाही. बूट तिला उजवा कुठला ते सांगायचं नाही, नुसता पुढे ठेवायचा. चुलीत ती कागद टाकते, लक्ष ठेव."

"ठेवीन."

"तुला दिसत नाही, बाबा. तुझ्यासमोर असतं तरी दिसत नाही."

खरं आहे. मी तसं सांगितलं तिला. म्हटलं, "खरं आहे. आता शिकतो." तिनं माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं, जसं ती आजीचं लावते, आणि चढली. बिल्यानानं काचेतून हात हलवला. बस चढावावर दिसेनाशी झाली तरी मी उभा होतो. मला ओरडून रडायचं होतं, पण थांब्यावर शाळेतल्या बाई होत्या.

घरी आलो. सासूबाईंनी विचारलं, "पोरगी कुठंय?"

आई घेऊन गेली, असं सांगितलं. जर्मनीला, शाळेसाठी. त्या रडल्या, मी जवळ बसलो. तासाभरानं पुन्हा विचारलं, "दुन्या कुठंय?" मी पुन्हा खरं सांगितलं. पुन्हा तेवढ्याच रडल्या, त्यांच्यासाठी ती आत्ताच गेली होती.

तीनला पुन्हा आल्या. दारापाशी उभ्या राहून रस्त्याकडे बघत होत्या. "अजून आली नाही रे पोरगी."

जन्मभर मी जे दिसलं तेच वहीत लिहीत आलो. म्हणालो, "शाळेत गेलीय, आई. येईल आता."

"थंडी आहे बाहेर," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची खिडकीपाशी ओढली. मी दुसरी खुर्ची ओढली, आणि आम्ही दोघं तिची वाट बघत बसलो.